मांजर मरत नाही

१० ऑक्टोबर, शुक्रवार
आजपासून गेम जॅम. सोमवार संध्याकाळपर्यंत एक आख्खा गेम बनवायचा, मग सगळ्यांनी एकमेकांचे गेम खेळून मार्क द्यायचे. बँकेतली नोकरी का सोडली, ते आता जगाला कळेल. बायको फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते, घरी आली की मला. तिची अट: पहिल्या पन्नासात आलास तर आणखी सहा महिने मोकळीक, नाहीतर एक तारखेपासून तिच्या वडिलांच्या नळ-कमोडच्या दुकानात. लगेच हो म्हटलं. पन्नास कसले, पहिल्या पाचाचं बोला!

११ ऑक्टोबर
गेम साधाच ठेवला. मांजर रस्त्यानं चालते, वरच्या गॅलऱ्यांतून कुंड्या पडतात, डावीकडे-उजवीकडे सरकून चुकवायच्या. एक लागली की खेळ खलास. दिवसभर मान मोडून काम केलं. नावाची अक्षरं कोणत्या रंगात, हे जवळजवळ ठरलं.

१२ ऑक्टोबर, दुपार
मेहुणा येऊन गेला. प्रोग्रामर आहे. लहान तोंडी मोठा घास. म्हणे, भावोजी, तुम्ही सारखे मरताय, पुढचं तपासणार कधी? गेममध्ये एक स्विच बसवून दिला. तो चालू असला की मांजर मरत नाही. पाठवण्याआधी बंद करा, असं तीनदा बजावलं. मला काय विसराळू समजतो? स्वतः चष्मा इथेच विसरून गेला.

संध्याकाळ
इतका वेळ खेळलो, एकदाही मेलो नाही! हात काय बसलाय! गेम फार सोपा वाटला म्हणून कुंड्यांचा वेग दुप्पट केला. तरी मेलो नाही. तिप्पट केला. छे! उपजत गुण म्हणतात तो हाच.

१३ ऑक्टोबर
पाठवला. बायकोनं विचारलं, सगळं तपासलंस ना? म्हटलं, बँकेतला माणूस आहे मी, तपासणं रक्तातच आहे. तिनं बँकेतला एक प्रसंग काढला. तो इथे लिहायचं कारण नाही.

१६ ऑक्टोबर
अभिप्राय यायला लागले. एक शहाणा लिहितो, मांजर मरतच नाही, मग खेळायचं कशाला? त्याला कळवलं, आपण इतके चांगले खेळता यात माझा काय दोष? दुसरा म्हणतो, गेम तसाच सोडून जेवायला गेलो, परत आलो तरी मांजर चालतेच आहे. एकेकाचं नशीब असतं.

१८ ऑक्टोबर
एका बाईंनी लिहिलंय की साहेबांनी आज सगळ्यांसमोर झापलं. मी घरी येऊन या मांजरीकडे नुसती बघत बसले. डोक्यावर कुंड्या आदळतायत आणि ही आपली चाललीय. फार बरं वाटलं म्हणे. पैकीच्या पैकी मार्क दिलेत. बाई चांगल्या आहेत, पण खेळ कळलेला नाही. कुंड्या चुकवायच्या असतात, असं त्यांना समजावलं.
आणि आजच्या यादीत आपण चाळिसावे! सासऱ्यांना सांगा, दुसरा माणूस बघा.

२० ऑक्टोबर
मेहुण्याचा फोन. हसू आवरेना त्याला. स्विच चालूच राहिलाय म्हणे. लोकांना आवडतंय, आता हात लावू नका भावोजी, म्हणाला. बायको तर हात जोडून म्हणाली, राहू दे रे तसंच. पण असलं फुकटचं यश मला नको. तत्त्व म्हणून काही असतं की नाही? स्विच बंद केला आणि गेम पुन्हा चढवला. स्वतः खेळून बघितला. पहिल्याच कुंडीला मेलो. कीबोर्ड जुना झालाय. बायकोचा लॅपटॉप घेतला. तोही जुनाच निघाला.

२३ ऑक्टोबर
सगळ्यांचं एकच रडगाणं: सुरू होतो न होतो तोच मेलो. प्रत्येकाला सविस्तर उत्तर दिलं. काहींना दोनदा. त्या बाईंनी मार्क काढून घेतले. एवढंच लिहिलं, तिला मारायची गरज होती का?
वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लिहिलं, सराव करा.

२७ ऑक्टोबर
निकाल. दोनशे अकरावा. परीक्षणाची पद्धतच सदोष आहे. बायकोनं माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला.

१ नोव्हेंबर
दुकान. मेहुण्यानं सासऱ्यांच्या फोनवर जुना गेम घालून दिलाय, न मरणाऱ्या मांजरीचा. ते सकाळपासून तोच बघत होते. माझं पहिलं गिऱ्हाईक आलं. नळ गळतो अशी तक्रार. मी शांतपणे पटवून दिलं की नळ उत्तम आहे, तुम्हाला बंद करता येत नाही. तो पैसे परत घेऊन गेला. सासरे म्हणाले, जावईबापू, काउंटरवर ही मांजर बसवायला हवी होती. डोक्यावर काहीही पडलं तरी चालत राहते, उलट बोलत नाही.
मला मागे गोदामात बसवलंय. वरच्या फळीवर वॉशबेसिनं रचलेली आहेत. खुर्ची जरा डावीकडे सरकवून घेतली.