सेक्टरात स्मशान नाही

बाबा, आईला निरोप द्यायला काय लागलं ते आधी सांगतो. लाकडांचे पैसे किरकोळच होते. खरं लागलं ते असं: एक अख्खा दिवस, बर्फाच्या लाद्या, एका राज्याची हद्द, आणि कुठेही गेलो तरी दोन मिनिटांत समोरच्याला हसवायची माझी सवय. ती त्या दिवशी गेली, अजून परत आलेली नाही. रडू आलं नाही. अजूनही येत नाही. दात काढल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं चाललंय.

तुम्ही गेलात तेव्हा मी दिल्लीत एका नळाच्या दुकानात गोण्या उचलत होतो. आता दिल्लीतल्या द्वारकेच्या पुढे, राज्याच्या हद्दीपलीकडे जे नवं शहर उभं राहिलंय, तिथे माझं स्वतःचं दुकान आहे. नळ, पाइप, टाक्या, सगळं. मी लोकांना सांगतो, इथल्या निम्म्या घरांत पाणी माझ्या नळातून पडतं, हे शहर मीच वसवलंय म्हणा ना! लोक हसतात, चहा मागवतात. आमच्या सोसायटीत पोहायचा तलाव आहे, कुत्र्यांना फिरायला वेगळी बाग आहे. पाण्याचा टँकर आपला, जनरेटर आपला, गार्ड आपले, कचरा उचलणाराही आपला. महापालिका लागतेच कशाला, असं मी एकदा मीटिंगमध्ये म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "तुझे बाबा ऐकत असतील हो."

तुम्ही आपल्या गावच्या नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक. सुट्टीच्या दिवशी मला सायकलच्या कॅरियरवर बसवून फेरीला न्यायचात. मंडईमागची नाली, चौकातला सार्वजनिक नळ, कोंडवाडा, आणि शेवटी नदीकाठचं स्मशान. तिथे तुम्ही उतरता, लाकडांच्या ढिगात काठी खुपसता, खालचं लाकूड ओलं आहे का बघता. मी कंटाळलेला. "बाबा, आज तर कोणीच मेलं नाही, मग कशाला बघता?" तुम्ही वळून म्हणता, "मेल्यावर पाहाचे काय बे लाकडं?" आणि परत येताना, पॅडल मारता मारता, जसं काही मीच तुमच्या जागी नोकरीला लागणार आहे असं, "जे काम कोणाच्याच घरचं नाही ना, ते आपलं."

एक संध्याकाळ तर अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही सभेहून आलात ते बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात बसलात. स्मशानावर पत्र्याची शेड टाकायचा तुमचा प्रस्ताव होता, आणि नगरसेवकांना चौकात कारंजं हवं होतं. "कारंजं पास झालं. शेड पुढच्या वर्षी." आईनं तव्यावरची पोळी उलटली आणि मान वर न करता म्हणाली, "मग या वर्षी कोणी मरू नका म्हणून दवंडी द्या." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रस्ताव घेऊन गेलात. शेड झाली, पण दोन पावसाळ्यांनी.

तर आई. सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि गेली. शेजारच्या सरदारणीनं येऊन माझ्या बायकोला धरलं. आईला खाटेवरून खाली न्यायला सर्व्हिस लिफ्ट, जिच्यातून वॉशिंग मशिनं नेतात ती. तसा नियमच आहे. गेटवर नवा गार्ड होता. बिचारा खाली बघत म्हणाला, "सर, चारपाई बाहर जाएगी तो गेट पास लगेगा." मी सही केली. त्याच्यावर काय रागावणार?

आमच्या सेक्टरच्या मधोमध एक जुनं गाव आहे, टॉवरांनी वेढलेलं. त्यांचं स्मशान सोसायटीच्या भिंतीलाच लागून. आईला शववाहिनीत ठेवून मी आधी तिथे विचारायला गेलो. फाटकाशी गावातले एक म्हातारे ताऊ हुक्का घेऊन बसले होते. म्हणाले, "भाई, यो तो म्हारे गाम का सै. थम अपणा बनवा लो." मी हात जोडले. ते चिडले नाहीत, उलट खाट सरकवून मला बसायला जागा दिली. "खेत गए, जोहड़ गया. यो एक बचा सै. इसमें बी थारी लाइन लगवा दें?" तो जोहड़, गावचा तलाव, बुजवून ज्या इमारती झाल्या, त्यांत माझेच पाइप आहेत.

तिथून महापालिकेच्या कार्यालयात. बाबूनं सेक्टरचा नंबर विचारला आणि पेन खाली ठेवलं. "ये तो हैंडओवर ही नहीं हुआ जी. अभी बिल्डर का है." बिल्डरच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, नकाशात जागा आहे सर. नकाशात आहेच. जागेवर त्याचं सेल्स ऑफिस आहे. शववाहिनीत बायको वितळत्या बर्फाचं पाणी पदरानं टिपत बसलेली. आई कधी कोणाच्या दारात थांबली नव्हती, बाबा. त्या दिवशी दोन दारांत थांबली.

शेवटी हद्द ओलांडून दिल्लीच्या महापालिकेच्या घाटावर गेलो. तिथल्या माणसानं पत्ता बघितला, हद्दीबाहेरचा. माझ्याकडे बघितलं. "माताजी हैं?" म्हणाला, आणि जागा दाखवली. शेड होती. नळ होता, त्याला पाणी होतं. लाकूड कोरडं होतं. भन्तेजी वाहतुकीत अडकले, म्हणून बायकोनंच त्रिशरण म्हटलं. सूर्य मावळायच्या आत झालं. मी लाकडाला हात लावून बघितला, का ते माहीत नाही.

नंतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला की आपण सगळ्यांनी सही करून स्मशानाची जागा मागू या. माझे कान किती तिखट ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या रांगेत एक बाई कुजबुजल्या, "बालकनी से दिखेगा क्या?" आणि त्यांचा नवरा, "रेट गिर जाएगा, यार." समोर मात्र सगळे म्हणाले, बिल्कुल, बिल्कुल, जरूरी है. सही चौघांनी केली. सरदारणीची पहिली.

तो कागद घेऊन काल इथल्या नगरसेवकाकडे गेलो. ताऊंच्याच गावचा तरुण मुलगा आहे. चहा दिला, माझ्या दुकानाचं कौतुक केलं. माझं जुनं वाक्य मी ओढूनताणून म्हणालो, बेटा, हे शहर आम्हीच वसवलंय. तो नुसता मान राखायला हसला. "अंकलजी, आपका काम जायज़ है. पर मुझे भी सदन में खड़े होकर बोलना है. गाँव का एक-एक घर आकर वोट डालता है. आपके टॉवर वाले उस दिन पहाड़ चले जाते हैं." मग सहज, कागदाची घडी घालत, "आपका अपना वोट तो यहीं है न?"

मी म्हणालो, "बिल्कुल, यहीं है."

हे लिहून झालं की टेबलाच्या खणात ठेवणार आहे. तुमचा पत्ता नाही आणि बायकोला वाचून दाखवायची ताकद नाही. जागा मिळेल की नाही, सांगता येत नाही. त्या मुलानं कागद ठेवून घेतलाय एवढंच. आणि बाबा, माझं मत अजून आपल्या गावच्या नगरपालिकेच्या यादीतच आहे.