काकांच्या नळीत माझी थुंकी

मैत्रेयी अक्कास बसवनगुडीहून गिऱ्याचा नमस्कार. हॉस्टेलचं जेवण अंगी लागतंय ना? इथे सगळं ठीक होतं, मी बिघडवलं. काकांच्या तपासणीच्या नळीत मी थुंकलो. (फोनवर सांगत नाही, आपल्या घरी एकाचा फोन सगळे वाचतात, आत्या सगळ्यांत आधी.)

झालं असं, जेवायला बसलं की शेषगिरीकाकांच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ येते (चुलीवरच्या आंबट हुळीचा नुसता वास आला तरी येते) आणि तासाभरात जिरते. दातांचे डॉक्टर नागनाथ म्हणाले, लाळेच्या वाटेत खडा अडकला असेल, आधी लाळ किती येते ते मोजू. दिली नळी. आता आपले काका चारचौघांत थुंकणार? उपरणं डोक्यावर घेऊन कोपऱ्यात बसले, बऱ्याच वेळाने दोन थेंब आले. मग नळी उष्टी झाली म्हणून ती हातात धरेनात. माझ्याकडे दिली नि चूळ भरायला गेले. माझ्या खिशात तिखटमीठ लावलेली कैरी होती. मी नळी काठोकाठ भरली. वाटलं, डॉक्टर बघून हसतील, मग मीही हसेन, सरी, मिटलं.

डॉक्टर हसले नाहीत, खूश झाले. म्हणाले, ‘रायरे, या वयात एवढी लाळ? मग खडा कसला, दुखणं दाढांचंच.’ आता सोमवारी दोन दाढा काढणार. त्याच दाढांनी काका अजून चकली फोडतात गं.

काका तर फुगलेत. देवळाच्या कट्ट्यावर सांगत सुटलेत की माझी लाळ विशीतल्या पोराची आहे. (आहेच की.) पण काल जेवताना परत गाठ आली, तेव्हा ताट सारून हळूच म्हणाले, ‘गिऱ्या, सोमवारी येशील ना बरोबर? स्वल्प भीती वाटते रे.’ मी ‘येतो’ म्हणालो नि पत्राचा कागद शोधायला गेलो.

तुझा,
गिरीराज

ता. क. खरं काम हे आहे. तू दातांचंच शिकतेस, तर डॉक्टरांना फोन कर. म्हण, आमच्या सरांनी सांगितलंय, दाढांना हात लावायच्या आधी एक्स-रे काढा आणि लाळ परत मोजा, पेशंटला समोर बसवून. माझं नाव नको.

आणखी एक. रविवारपर्यंत तुझा फोन गेला नाही तर मीच कबूल करीन. आज आरशासमोर तालीम केली, तर जीभ टाळूलाच चिकटली. तोंडात थेंब नाही. आज माझी लाळ मोजली तर माझ्याच दाढा उपटतील. पाया पडतो अक्का, कुणाला सांगू नकोस. आत्याला तर मुळीच नको.