खोलीचा नंबर

धाकटे, अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोहोचले, खोली स्वच्छ आहे, एवढंच आईला वाचून दाखव. तिचा गुडघा कसा आहे? पुढचं तुझ्यापुरतं.

हॉटेलातल्या काउंटरवरच्या माणसाने माझ्या खोलीचा नंबर चारचौघांत मोठ्याने सांगितला. भरदुपारी कुणीतरी येऊन दार ठोठावत राहिला. मी उघडलं नाही. तो गेल्यावर खाली तक्रार केली, तर काउंटरवरचा म्हणतो, "बाई, एकट्या फिरताच कशाला?" माझं डोकंच फिरलं. खोली बदलून मिळेपर्यंत त्याच्यासमोर बॅगेवर बसून राहिले.

तू तुझ्या प्रवासाला एकटी निघशील तेव्हा हॉटेलात खोलीचा नंबर कागदावर लिहून माग. कुणी विचारलं तर सोबत बहीण आहे म्हण. चूक त्यांची आणि खबरदारी आपण घ्यायची, याचाच संताप येतो.

पण तुझं तिकीट रद्द करू नकोस. त्या काउंटरवरच्या माणसाला तेच हवंय.

तुझी, अजून धुसफुसणारी,
ताई