एवढी माया?

३ फेब्रुवारी, सोमवार

प्राध्यापकांनी माझ्या कादंबरीचं बाड परत केलं. दोनशे दहा पानं तीन महिने घरात ठेवून काय सांगितलं? — "ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. बाकी ओघ आहे." ओघ! चाळिसाव्या पानानंतर एकाही पानाला साधी सुरकुती नाही. वाचलंच नाही त्यांनी, पैज लावते.

त्याआधी मी कामाला आहे त्या दातांच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी वाचलं. त्या रडल्या. पण त्या पेशंटचा दात उपटतानाही रडतात, त्यामुळे त्यांचं काय धरायचं!

मला जाणकार हवाय. कात्री धरलेला माणूस. गोष्ट बाबांची आहे. ते गणवेशाच्या कारखान्यात कटर होते. आईही तिथेच, काजं-बटणांच्या टेबलावर. कापड कमी भरायला लागलं, बाबांवर आळ आला, एका दुपारीत नोकरी गेली. वर्षाच्या आत बाबाही गेले. मी दहा वर्षांची होते. बाबा चोर नव्हते — एवढं एक मला छापून आणायचंय. पण कारखान्यातली एखादी बारीक गोष्ट जरी चुकली, तरी लोक म्हणतील, हिला यातलं काही कळत नाही. मग बाकीचं तरी कोण खरं मानेल?

५ फेब्रुवारी

ताईचा फोन. "मास्तरांना दे की वाचायला. आहेत अजून."

मास्तर! बाबांच्या शेजारच्या टेबलावरचे कटर. बाबांना काढलं आणि पुढच्याच महिन्यात हे हेडकटर झाले. माझ्या कादंबरीत कापड चोरणारा जो माणूस आहे तो यांच्यावरूनच घेतलाय, हे ताईला कुठे ठाऊक? मी फक्त त्यांच्या टकलावर दाट केस लावलेत.

आईला विचारलं. "कशाला उकरून काढतेस," म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. ऐंशीला आली, तिला आता कशाचाच त्रास नको असतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

दिलं एकदाचं. दुसरा जाणकार आणू कुठून?

मास्तर एका खोलीत राहतात. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर फूटपट्टी, खडूचे तुकडे आणि लोखंडी कात्री. वय ब्याऐंशी, पण कात्रीला अजून तेल घालतात. मी म्हटलं, आधी दोन प्रकरणं वाचा. "छे, सगळं दे. अर्धा कोट बघून काय सांगू?" सगळंच हवंय! कशाला एवढी घाई? शेवटी चोर कोण निघतो ते बघायचंय का?

निघताना म्हणाले, "तू अगदी बाबांवर गेलीस." गोड बोलायचं कामच नाही माझ्याशी.

११ फेब्रुवारी

आज डोळ्यांनी पाहिलं! जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले, तर समोर झेरॉक्सच्या दुकानात मास्तर. हातात माझं बाड. ओळखू येणारच, मीच लाल नाडी बांधलीय त्याला.

कोणासाठी काढतायत प्रती? मालकाचा मुलगा आता कारखाना बघतो, त्याच्यासाठी? की वकिलासाठी? दुपारभर माझं लक्ष उडालं. एका बाईंना रूट कॅनालऐवजी कवळीची वेळ दिली. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, झोप झाली नाही का?" झोप कसली, कुठेतरी पाणी मुरतंय.

१२ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. "तुला तर दूधवाल्याचाही संशय येतो," म्हणाली. येतो! तो पाणी घालतोच.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाड परत आलं, मास्तरांच्या नातीबरोबर. निरोप — "वाचून ये म्हणावं, मग बोलू."

समासात निळ्या खडूनं खुणा. पान चौदा — "झोल". पान बावीस — "झोल". कारखान्यातल्या झडतीचं पान, जिथे मालक विचारतो आणि बाबा एक शब्द न बोलता ताठ उभे राहतात, माझं सगळ्यात आवडतं पान — तिथे आडवी रेघ आणि "उसव". आणि सातव्या प्रकरणात, बाबा आमच्यासाठी फ्रॉक शिवतात त्या परिच्छेदाशी —

"एवढी माया?"

तळपायाची आग मस्तकात गेली. झोल? माझ्या लिहिण्यात झोल, की बाबांनी झोल केला असं म्हणायचंय? आणि माया! बाबांनी माया जमवली होती म्हणे! अहो, आमच्या घरात चार माणसांत दोन छत्र्या होत्या, तेव्हा कुठे होती ती माया?

आई विचारत होती, काय लिहिलंय त्यांनी. मी म्हटलं, काही नाही, खडू फासलाय.

१७ फेब्रुवारी

जाणार नाही. हात झटकले.

१९ फेब्रुवारी

जाणार. पण भांडायला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गेले. बसलेही नाही, उभ्यानंच सुरू केलं. आधी झेरॉक्स. मास्तरांनी टेबलाखालून गठ्ठा काढला. माझीच पानं, दुप्पट मोठ्या अक्षरात. "तुझं टाइप मुंगीएवढं. या डोळ्यांना दिसतंय होय?" झालं! पहिलाच बार फुसका.

मग झोल. "अगं, कापड कुठे ताणलेलं असतं, कुठे सैल लोंबतं, त्याला झोल म्हणतात. पान चौदाला तू चार ओळींचं काम दोन पानं लोंबवलंस. कटरची मुलगी ना तू?"

मी म्हटलं, बाबा गेल्यावर आईनं मशीनच देऊन टाकलं घरातलं, मला सुईत दोराही ओवता येत नाही. मग विचारलं, "आणि माया? कुठे होती आमच्याकडे माया?"

ते इतके हसले की खोकला लागला. शर्टाची शिवण उलटून दाखवली. आत जे जादा कापड राखतात ती माया. पुढे माणूस फुगला तर उसवून सैल करायला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते हसायचे थांबले. गठ्ठ्यातून सातवं प्रकरण काढलं आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं — उरलेल्या तुकड्यांतून बाबा फ्रॉक शिवायचे, घेराला खाली चार बोटं दुमडलेली असायची, दरवर्षी एकेक बोट सोडायचे.

"तुकड्यांतून चार बोटं माया सुटत नाही, पोरी. त्याला अख्खं कापड लागतं. आणि तुझा बाबा अर्ध्या बोटापेक्षा जास्त माया सोडायचा नाही, मालक त्याच्यावर खूश होता तो त्यासाठीच. हे त्याच्या हातचं नाही. कोणी शिवले फ्रॉक?"

बाबांनी, मी म्हणाले.

"तू पाहिलंस?"

नाही पाहिलं. फ्रॉक आई शिवायची. बाबांना द्यायला काहीतरी मायेचं काम हवं होतं म्हणून पुस्तकात मी ते त्यांना दिलं. मास्तरांना तसं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

मग "उसव"चं पान काढलं. "इथे तो गप्प राहिला असं लिहिलंस. राहिला नव्हता. आम्ही सगळे रांगेत उभे. मालकानं विचारलं, कोणी नेलं? आणि हा लगेच, 'मीच.' झडती बायकांच्या, काजं-बटणांच्या टेबलाकडे वळायच्या आधी."

मी ओरडले त्यांच्यावर. खोटारडे म्हटलं. स्वतःवरचं ढकलताय म्हटलं. ते एवढंच म्हणाले, "केस मात्र छान दिलेस मला."

२३ फेब्रुवारी

दिवसभर हाच विचार. मास्तर खोटं बोलतायत, कबूल. पण मग एवढी वर्षं गप्प का? खोटंच पसरवायचं असतं तर केव्हाच पसरवलं असतं. आणि बायकांच्या टेबलाचं मुद्दाम का सांगितलं?

ताईनं त्यांचंच नाव का सुचवलं? ती तेव्हा पंधराची होती. तिला काय माहितीय? फोन उचलत नाही.

मला भीती वाटतेय. आईच्या खोलीत तीनदा जाऊन आले, काही न विचारता परत आले.

२५ फेब्रुवारी

सकाळी आईनं स्वतःच बाड मागितलं, खडूच्या खुणा बघत सातव्या प्रकरणाशी थांबली. भिंग लावून वाचलं. पानं जुळवून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "फ्रॉक मी शिवायचे. कापडही मीच आणायचे, पोटाला गुंडाळून. त्या दिवशीही होतं अंगावर. तुझ्या बाबांनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि 'मीच' म्हणून हात वर केला."