रेडिओवर अखेर शिस्त

४ मार्च, सकाळी ७
आजपासून डोकं शांत ठेवायचं. आमच्या विमानतळाला कंट्रोल टॉवर नाही. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि सगळ्यांना मिळून एकच रेडिओ चॅनल. आपण कुठे आहोत, कधी उतरतोय, हे ज्याने त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. इतकं सोपं. पण या गाढवांच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

त्याच दिवशी, संध्याकाळी
डोकं शांत राहिलं नाही. दोष माझा नाही. शेतांवर औषध फवारणारी ती वैमानिक बाई आज पुन्हा न सांगता माझ्यापुढे उतरली. खाली आल्यावर झापली. म्हणते, काका, मी तीनदा सांगितलं, तुम्हीच मध्ये बोलत होतात. काका! मी अवघा एकसष्ट वर्षांचा आहे.

५ मार्च
क्लबच्या सेक्रेटरीला तक्रार दिली. पाच पानं. मागण्या दोन: फवारणीवालीला बंदी, आणि सुरक्षाप्रमुखपदी मी. रविवारी मीटिंग. सेक्रेटरी विचारतो, तिच्या विमानाचा नंबर काय? हल्ली नंबर इतके बारीक रंगवतात की मुंग्यांनीच वाचावेत. 'पिवळं विमान' असं लिहिलंय. म्हणे पिवळी चार आहेत. उद्धट माणूस.

६ मार्च
रेडिओवर बोलताना दाबायचं बटण सैल झालंय. मेकॅनिक म्हणतो, विमान दोन दिवस ठेवून जा. दोन दिवस झोपा काढणार लेकाचा. मी दहा मिनिटांत चिकटपट्टी गुंडाळून काम फत्ते केलं. आता बटण हलतसुद्धा नाही. त्याला सांगितलं नाही. उगाच नाक खुपसतो.

७ मार्च
ऐतिहासिक दिवस! चाळीस मिनिटं उडलो, रेडिओवर कुणाचा चकार शब्द नाही. तक्रारीने चांगलीच टरकलेली दिसतायत मंडळी. उतरताना हवेत जरा धूळ होती, पट्टी सापडायला किंचित वेळ लागला. टेकणार इतक्यात खालून काहीतरी पिवळं सर्रकन उजवीकडे निसटलं. फवारणीवालीच. शेवटी बाईने मुकाट्याने वाट दिली. तक्रार मात्र मागे घेणार नाही.

शेडमध्ये शिरलो तर सगळे गप्प. यालाच दरारा म्हणतात.

९ मार्च
भाषण पाठ. बायको परवापासून बोलत नाही. तिला बहुधा माझ्या नव्या पदाचं दडपण आलंय.

१० मार्च, दुपारी
चिकटपट्टीखाली बटण दाबलेलंच राहिलं होतं.

म्हणजे चाळीस मिनिटं माझा रेडिओ बोलत होता, आणि एकाचा चालू असला की चॅनलवर दुसऱ्या कुणाचंच ऐकू जात नाही. मेकॅनिकने हे मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. मग सेक्रेटरीने शेडमधल्या रेडिओवर झालेलं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. पहिली दहा मिनिटं मी सेक्रेटरीच्या अकलेवर. मग फवारणीवालीवर. मग मेव्हण्यावर. लोक हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते. हलकट.

मग माझाच आवाज आला, पण बारीक. 'पट्टी कुठाय? दिसत नाहीये. देवा, काहीच दिसत नाहीये.'

कुणी हसलं नाही.

फवारणीवाली तेव्हा माझ्या बरोबर खाली होती, उतरत होती. ओरडून सांगत होती, पण ऐकू जाणार कुणाला? माझी बडबड ऐकून तिनेच काय ते ओळखलं आणि बाजूला झाली. दोन विमानांत एका खोलीच्या उंचीएवढं अंतर होतं, म्हणाली. तिला घरी दोन मुलं आहेत, हेही म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

डोळे तपासून येईपर्यंत उड्डाण बंद. हा शुद्ध कट आहे. मी कधी उतरतो हे कळावं म्हणून बायको स्वयंपाकघरात हातातला रेडिओ लावून ठेवते, हे आज कळलं. तिने सगळं ऐकलं होतं. मेव्हणा तिचाच भाऊ.

१२ मार्च, सकाळी ११
डोळ्यांचा दवाखाना. डॉक्टर चाचपडणारा, उपकरणं जुनाट. तक्त्यावरच्या दोन्ही ओळी मी खणखणीत वाचल्या. वर सुनावलंही, कागद एवढा मोठा आणि ओळी दोनच छापल्यात?

डॉक्टर म्हणाले, ओळी आठ आहेत.

बायकोने माझ्या खिशातून विमानाची किल्ली काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. मी तिच्या मागोमाग पायऱ्या उतरलो.