एकच नवा टायर

बाळ्या,

तू बोलावलेला भंगारवाला थोड्या वेळात गाडी न्यायला येईल, पण गाडी दारात नसेल. ती घेऊन मी घाटात चालले आहे. फोन करू नकोस, गाडी चालवताना मी उचलत नाही.

गाडी वळणावर कण्हते, तिचे दिवस भरले, असं काल जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलंस. अरे शहाण्या, पंक्चर झाल्यावर मला न विचारता एकच नवाकोरा टायर कोणी बसवला? हिची चारही चाकं गाडी ओढतात. एक टायर जाड आणि तीन झिजलेले असले की चाकं आपसात भांडतात आणि गिअरबॉक्स रडतो. म्हणून तुझे बाबा स्टेपनीसुद्धा पाळीपाळीने चालवायचे, म्हणजे पाचही टायर सारखे झिजायचे. ते गेल्यापासून हे मीच करते आहे. तुला कधी दिसलं नाही.

आज पहाटे जॅक लावला, तुझा नवा टायर उतरवला आणि स्टेपनी चढवली. कॉलनीला दोन चकरा मारल्या, गाडीने हूं की चूं केलं नाही. माझ्या गुडघ्यांनीही नाही.

सूनबाईला सांग, जेवायला माझी वाट बघू नका.

आणि भंगारवाल्याला रिकाम्या हाताने पाठवू नकोस, बरं दिसत नाही. माझ्यासाठी आणलेली ती चार पायांची काठी दाराशी ठेवली आहे. ती देऊन टाक.

आई