धाकट्यांच्या स्वयंपाकघरातला मेन

४ जानेवारी
मीटर सहा. जिन्याखाली ओळीने, शाळेतल्या पोरांसारखे. आणि त्यांचे मेन स्विच? दोन तिथेच. एक शिंप्याच्या दुकानात, कापडाच्या ताग्यांमागे. एक पंपाच्या खोलीत. एक पाळणाघराच्या संडासात — होय, संडासात! आणि सहावा, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या थोरल्या भावाचा, पहिल्या मजल्यावर धाकट्या भावाच्या स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर. ही वायरिंग ज्याने केली त्याला कोपरापासून नमस्कार.

इन्स्पेक्टरांनी नोटीस चिकटवलीय. पंधरा दिवसांत सगळे मेन एका जागी, आत शिरल्याबरोबर हात पोचेल असे, प्रत्येकावर कोणाचा ते लिहिलेलं. नाहीतर अख्ख्या इमारतीची वीज बंद. नियम शहाण्या माणसाने केलाय. आग लागली तर बंबवाल्यांनी काय आधी संडास शोधायचा?

५ जानेवारी
थोरल्यांनी दार उघडलं. "वायरमन बोलावला होता."
"मीच."
"बरं बरं, बाई. आणि वायरमन कधी येणार?"
वीस वर्षं परवाना आहे माझ्याकडे. वीस वर्षं हेच!

६ जानेवारी
आज उलगडा झाला. पूर्वी दोन्ही मजले मिळून एकच घर. आई गेल्यावर भावांनी वाटणी केली. जिना वाटला, भांडी वाटली, वायर वाटायची राहिली. दोघंही साठी उलटलेले. थोरल्यांची बायको गेलेली, धाकट्यांनी लग्नच केलं नाही. नऊ वर्षं एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत.

थोरले मोठ्या अभिमानाने सांगत होते — "मी टीव्ही लावला की हा खालून माझा मेन पाडतो. मग मी पाय आपटतो. मग हा परत लावतो."
"रोज?"
"रोज! हलकट आहे."

पोलिसात का नाही गेलात, म्हटलं. तर माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मीच गुन्हा केलाय.

७ जानेवारी
धाकटे मेनला हात लावू देईनात. "मेन माझ्या भिंतीवर आहे."
"पण दिवे त्यांचे आहेत ना?"
"मग भिंत घेऊन जा म्हणावं!"

तेवढ्यात वर टीव्ही सुरू झाला. छत थरथरावं इतका. धाकट्यांनी शांतपणे हात धुतले, पुसले, दोन डबे बाजूला केले आणि — खट्! वर शांतता. मग धप धप धप. हे गालातल्या गालात हसले, खटका वर केला आणि मला म्हणाले, "चहा घेणार?"

घेतला. काय करते! दोन बाप्यांचा पोरखेळ, आणि नियम पाळायचा मी.

११ जानेवारी
कोणी हलेना. शिंपी म्हणतो, माझा मेन बाहेर काढलात तर येणारा-जाणारा बंद करेल. थोरले म्हणतात, माझं नाव सगळ्यात वर हवं, मी थोरला. धाकटे दारच उघडत नाहीत. जळत्या घरातही वाशांवरून भांडणारी जमात!

१३ जानेवारी
पाळणाघरवाल्या बाई झिंदाबाद! बारा पोरं घेऊन धाकट्यांच्या दारात उभ्या राहिल्या. "तुमच्यापायी वीज गेली तर ही सगळी तुमच्याकडे. दोघांना जुलाब होताहेत." दार उघडलं. एका पोराने आत शिरून डब्यांची उतरंड पाडली. माणूस दहा मिनिटांत शरण!

१६ जानेवारी
चार तास वीज बंद ठेवून काम केलं. सहाही मेन जिन्याखाली, एकाखाली एक, हात पोचेल असे. मजल्यांच्या क्रमाने लावले, तर थोरले आपोआप वर गेले. वयाचा मान मिळाला म्हणून खूश. मी कशाला सांगू!

स्वयंपाकघरातला जुना मेन काढला तेव्हा धाकटे मागे उभे होते. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला.
"इथे आता काय लावू?"
"कॅलेंडर लावा."
चहाचंही विचारलं नाही.

१८ जानेवारी
इन्स्पेक्टर आले, एकेक खटका पाडून बघितला, पास! शेरा लिहिला — "काम नमुनेदार." मी तीनदा वाचला.

जाताना शिंप्याने हळूच सांगितलं, काल संध्याकाळी धाकटे जिना उतरून आले होते. वरच्या मेनकडे हात नेला. "काय हवंय?" यानं विचारलं. "काही नाही, नावं बघत होतो." आणि परत वर. हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "त्यात हसण्यासारखं काय आहे?" त्यांना विनोद कळत नाही.

२ फेब्रुवारी
दुसरीकडे काम. तिथे मेन कपड्यांच्या कपाटात. देवा!

११ फेब्रुवारी
सकाळी थोरले माझ्या दारात. दाढी वाढलेली, पायात दोन वेगळ्या चपला. मला वाटलं, आता कुठलं खुसपट!

धाकटे स्वयंपाकघरात पडले होते. अर्धांगवायू. काल दार तोडलं तेव्हा तीन दिवस झाले असावेत, डॉक्टर म्हणाले. जिवंत आहेत. बोलत नाहीत.

"म्हणजे, आधी तरी कुठे बोलत होता," थोरले म्हणाले. हसायला गेले, जमलं नाही.

पाणी दिलं. ग्लास हातातच धरून बसले.

"तीन दिवस मी टीव्हीचा आवाज वाढवत होतो. दिवे गेलेच नाहीत. पूर्वी असं झालं असतं तर मी खाली धावलो असतो. मला वाटलं, बाई, तुमचं काम चोख झालं."